तेलाचा हात

हानिया, ३ ऑगस्ट १९७८

आईला सांगितलंय की समुद्रात पोहायला चाललोय. बाबांना काहीच सांगितलं नाही. मी कॉलेज मध्येच सोडल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, तेवढीच कटकट वाचली. खरं काय ते या वहीत लिहितो. मी रोदान्थीसाठी आलोय. तिच्या मनात दुसरा कुणी आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी क्रीट सोडणार नाही.

ती सूदा बंदराच्या धक्क्यावर घ्यायला आली होती. थेसालोनिकीत, कॉलेजच्या गावी, भर रस्त्यात माझ्या गळ्यात हात टाकणारी मुलगी इथे दोन हात लांब उभी. म्हणाली, "लक्षात आहे ना? तुझ्या धर्मबापाचं नाव इथे कुणापुढे काढायचं नाही."

"आधी प्रवास कसा झाला ते तरी विचार."

"कसा झाला?"

"रात्रभर ओकत होतो."

"बरं. नाव काढायचं नाही."

हिचं बिनसलंय ते एप्रिलपासून. ईस्टरच्या आधी आम्ही थेसालोनिकीला समुद्रकाठी बिया सोलत बसलो होतो. बोलता बोलता मी माझ्या धर्मबापाची गोष्ट सांगितली. क्रीटचा लष्करी अधिकारी, कोझानीला नेमणुकीवर असताना त्याने मला तेल लावून बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवलं आणि मी तीन वर्षांचा असताना त्याची बदली झाली. पण पुढे कितीतरी वर्षं दर ईस्टरला त्याच्याकडून मेणबत्ती आणि नवे जोडे यायचे. त्याचा एक नियम होता. जिथे जाईल तिथे लोक पोरं पुढे करायचे, पण तो बाप्तिस्मा फक्त मुलग्यांना द्यायचा. म्हणायचा, एका हाताचं तेल लागलेली पोरं भावंडं होतात. उद्या माझ्या एखाद्या पोराचं माझ्याच एखाद्या पोरीवर मन बसलं तर त्यांचं लग्न कोण लावणार? रोदान्थी खूप हसली. मग तिने त्याचं नाव विचारलं. मी सांगितलं, मेजर पोलिख्रोनिस वार्दाकिस. तिने परत सांगायला लावलं. मग म्हणाली, डोकं दुखतंय, जाऊ या.

ईस्टरच्या सुट्टीला ती घरी आली आणि परत गेली ती अशी, दुसरीच कुणी. म्हणे तिच्या बाबांचं आणि त्या मेजरचं ऑलिव्हच्या एका वाडीवरून जुनं वैर आहे, म्हणून नाव काढायचं नाही. वैर असेल. क्रीटच्या लोकांची वैरं असतातच. पण ईस्टरच्या सुट्टीत मुलगी घरी येते आणि बदलून जाते, तेव्हा कारण वाडी नसते, कुणीतरी माणूस असतो. हे कळायला पदवी लागत नाही.

४ ऑगस्ट

रोदान्थीचे वडील मानूसोस सुऱ्या घडवतात. "प्रेमात पडायला जगात दुसऱ्या कुणाची पोर सापडली नाही का रे?" असं फोतिनीबाई म्हणाली. तिच्याच घरात वरची खोली घेतलीय. बाई विधवा आहे, अंगाने भरभक्कम, आणि तिला गावातलं सगळं ठाऊक असतं, फक्त ती अर्धंच सांगते.

दुकानात गेलो. मानूसोसनी पात्याची धार अंगठ्यावर बघत बघत माझी चौकशी केली.

"शिकतोस काय?"

"सोडलं."

"का?"

"प्राध्यापकाशी पटलं नाही."

"हाणलंस?"

"नाही. दार आपटलं."

"दाराला काय झालं?"

"काच फुटली."

"मग अगदीच काही केलं नाहीस असं नाही," म्हणाले. मला माणूस आवडला, आणि म्हणूनच जास्त संशय आला. मुलगी मागायला आलेल्या पोराशी बाप इतकं गोड बोलतो तेव्हा त्याने नाही म्हणायचं आधीच ठरवलेलं असतं.

तेवढ्यात दारात एक म्हातारा आला. ताठ, पांढरी दाढी, काळा सदरा. "सिंदेक्ने, ते पातं..." म्हणाला आणि मला बघून तिथेच थांबला. उंबऱ्यावर पाय, हात चौकटीवर, आणि नजर माझ्या तोंडावर. मग वळला आणि चालता झाला.

"कोण हे?"

"सिंदेक्नोस," मानूसोस म्हणाले.

"नाव काय?"

"गिऱ्हाईक आहे रे. पातं बघतोस का हे?"

खोलीवर आल्यावर फोतिनीबाईला विचारलं. सिंदेक्नोस (हाक मारताना सिंदेक्ने) म्हणजे खरं तर आपल्या लेकराला बाप्तिस्मा देणारा; आमच्याकडे त्याला दुसरा शब्द आहे. बाई हसली. "अरे, इथे ज्याची मेंढी चोरली त्यालाही सिंदेक्ने म्हणतात. भाजीवालाही सिंदेक्ने आणि पोलीसही. त्यात काय शोधतोस?"

तेही खरंच. पण गिऱ्हाईक असं पळून जात नाही.

६ ऑगस्ट

आज चर्चमध्ये नव्या द्राक्षांना आशीर्वाद होता. बाहेर पायऱ्यांवर पोरी द्राक्षं वाटत होत्या. मी मुद्दाम पलीकडच्या चिनाराच्या झाडाखाली उभा राहिलो. रोदान्थीने मला बघितलं नाही. तो म्हातारा बाहेर आला (आत तोच गात होता, प्रार्थनेला गाणाऱ्यांत त्याचाच आवाज वर होता). रोदान्थीने त्याला सगळ्यात मोठा घोस दिला. मग वाकून त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. पाद्री पापा-स्त्रातिस शेजारीच उभा, हसत होता.

आता कुणाचा हात कोण चुंबतं? पाद्र्याचा. आजोबाचा. धर्मबापाचा. आणि सासऱ्याचा.

तिचे दोन्ही आजोबा वारलेत, हे तिनेच मला सांगितलंय. धर्मबापाबद्दल कधीतरी विचारलं होतं तेव्हा म्हणाली होती, असाच एक आहे, बाबांचा मित्र. तो हा असता तर लपवायचं काय कारण? नाव विचारलं की गिऱ्हाईक कशाला म्हणायचं? उरला सासरा.

८ ऑगस्ट

नेआ होराच्या किनाऱ्यावर पोहायला गेलो, आईला लिहायला काहीतरी हवं म्हणून. पाठ अशी भाजली की सदरा घालवत नाही. डोंगरातल्या माणसाने समुद्राच्या नादी लागू नये.

पाण्यातून वर आलो तर म्हातारा वरच्या रस्त्यावर, कठड्याला टेकून. बकरा विकत घेणारा माणूस बकऱ्याकडे बघतो तसा मला बघत होता. बघून घेत असेल मुलाचा प्रतिस्पर्धी कसा आहे ते. मी छाती काढून उभा राहिलो. त्याने रुमाल काढून चेहऱ्यावरचा, डोळ्यांवरचा घाम पुसला. मी तसाच ओल्या अंगाने वर धावलो तर हा चामड्याच्या दुकानांच्या गल्लीत शिरून गडप. या वयात एवढा पळतो.

फोतिनीबाईला खोदून विचारलं, त्याला मुलगा आहे का. "आहे की. बोटीवर अधिकारी आहे. चांगला उंचापुरा," ती म्हणाली आणि माझ्या पाठीला दही लावायला घेतलं. स्वतः मरियमच्या सणाआधीचा पंधरवड्याचा उपास धरलाय, दह्याला तोंड लावत नाही, पण माझ्या पाठीला लावते. "हललास तर चिमटा काढीन."

बोटीवर अधिकारी. उंचापुरा. झालं.

११ ऑगस्ट

रोदान्थीला बंदराच्या भिंतीवर गाठलं. मी शांतपणे बोलायचं ठरवून गेलो होतो.

"बोटीवर काम करणारा नवरा वर्षातून किती दिवस घरी असतो गं?"

"कुणाचा नवरा?"

"सहज विचारलं."

"तुझी पाठ अजून दुखते का? ऊन डोक्यात गेलंय तुझ्या."

"तू त्या म्हाताऱ्याच्या हाताचं चुंबन का घेतलंस?"

ती भिंतीवरच्या मिठाचा पापुद्रा नखाने खरवडत बसली. मग म्हणाली, "स्तेर्गिये, माझ्यावर विश्वास आहे का तुझा?"

"आहे."

"खोटं."

"बरं, नाही. पण ठेवायचाय."

तिला हसू आलं, पण डोळे भरलेले होते. म्हणाली, "पंधरा तारखेला बाबा तुला जेवायला बोलावणार आहेत. पापा-स्त्रातिस येणार आहेत. त्यांनी हो म्हटलं तर सप्टेंबरात साखरपुडा. सरकार काही आपलं लग्न लावत नाही, लागेल ते त्यांच्याच हातून लागेल. त्या दिवशी तू फक्त जेव. तोंड खाण्यासाठी उघड. एवढं कर माझ्यासाठी."

मी वचन दिलं. वर येऊन विचार करतोय तर एकच प्रश्न. तिला लग्न करायचंय तर ती रडत का होती?

१३ ऑगस्ट

मानूसोसच्या दुकानामागच्या भट्टीच्या खोलीत तिघं होती. मानूसोस, रोदान्थी, म्हातारा. मी काही ऐकायला थांबलो नव्हतो, पण गल्ली अरुंद आहे. भाता चालू असल्यामुळे तुटक तुटक आलं.

म्हातारा म्हणत होता, "...मला जमायचं नाही मानूसो. मी समोर आलो की..."

मानूसोस: "म्हणून तर येऊच नकोस."

म्हातारा: "एकदा बोलू तरी दे पोराशी."

रोदान्थी: "लग्नानंतर. लग्नानंतर काय हवं ते बोला."

पोराशी बोलायचंय. लग्नानंतर. म्हणजे मुलाला अजून सांगितलेलंच नाही आणि लग्न उरकून मग सांगणार. मला कळलं. मी फक्त झुलवत ठेवायचा माणूस आहे, बोटीवरचा गडी सुट्टीवर येईपर्यंत. पंधरा तारखेला पाद्र्यापुढे बसवून माझं शिक्षण, माझी नोकरी काढतील आणि पाद्र्याच्याच तोंडून नाही म्हणवतील. हात स्वच्छ.

आई म्हणते, मी दुसऱ्याच्या घरातल्या आगीवर स्वतःचं तेल ओततो. ओतू दे.

१५ ऑगस्ट, दुपार

अक्षर वाचता येणार नाही, तरी लिहितो.

पोचलो तेव्हा दुकानातून आतल्या अंगणात जायच्या दारात काळा सदरा दिसला. तोच. मला बघून भट्टीच्या खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं. टेबलावर एक ताट जास्तीचं होतं, ते रोदान्थीच्या आईने उचललं. मला बघून नाही, आधीच उचलायला घेतलं होतं.

शेळीचं मटण, रश्शात शिजवलेला भात, लिंबू. पंधरा दिवसांच्या उपासानंतर सगळे तुटून पडले. मी वचनाप्रमाणे खात होतो. पापा-स्त्रातिस गप्पिष्ट माणूस, मेंढपाळासारखे हात. मला थंडीबद्दल विचारलं, कोळशाच्या खाणींबद्दल विचारलं. मग हाड चोखत, अगदी सहज:

"आणि तुला बाप्तिस्मा कुणी दिला, पोरा?"

मी तोंड उघडायच्या आत रोदान्थी म्हणाली, "तिकडचाच कुणीतरी होता, कोझानीचा. वारला तो."

वारला.

मला जोडे पाठवणारा माणूस तिने एका घासात मारून टाकला. वैर असो नाही तर काही असो. तिला माझं सगळंच पुसायचंय, माझा धर्मबाप, माझं गाव, मी. आणि दाराआड तो म्हातारा ऐकत बसलेला, आपल्या मुलासाठी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उठलो. खुर्ची पडली. म्हणालो, "तो मेलेला नाही. त्याचं नाव मेजर पोलिख्रोनिस वार्दाकिस, आणि तो क्रीटचाच आहे, तुमच्यासारखाच. तो इथे असता तर माझ्या पाठीशी उभा राहिला असता, दाराआड लपला नसता. तुमच्या त्या बोटीवाल्याच्या बापासारखा."

रोदान्थीने डोळे मिटले. मानूसोसनी हातातली सुरी सावकाश खाली ठेवली. पापा-स्त्रातिसने हाड ताटात ठेवलं, बोटं पुसली, आणि हळू आवाजात विचारलं, "कोण? आपला पोलिख्रोनिस? रोदान्थीला बाप्तिस्मा दिला तो?"

तेव्हा मला कळलं. एकाच क्षणात सगळं कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता. एका हाताचं तेल. ती माझी तेलबहीण. कुठलाही पाद्री आमचं लग्न लावणार नाही, हे मीच त्या पाद्र्याला माझ्या तोंडाने सांगितलं होतं.

भट्टीच्या खोलीचं दार उघडलं. म्हातारा बाहेर आला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"पोलिख्रोनी," पाद्री म्हणाला, "हा तुझा?"

"नाव माझं असेल, पापा-स्त्रातिस. हात माझा नव्हता."

"म्हणजे?"

"त्या दिवशी आमची कवायत होती वर सीमेवर. मला सुटी मिळाली नाही. माझ्या शिपायाला पाठवलं. तेल त्याने लावलं, पाण्यातून त्याने काढलं. मानी प्रांतातला पोरगा होता, नाव विसरलो."

"आणि ते जोडे?" मी ओरडलो. "दर ईस्टरला जोडे कुणी पाठवले?"

"माझी बायको पाठवायची. रीत म्हणून," तो म्हणाला. पाद्र्याला, मला नाही.

पापा-स्त्रातिसने गळ्यातला क्रूस पुढे धरला. "यावर हात ठेवून सांग."

म्हाताऱ्याने हात ठेवला. "या पोराला मी आज पहिल्यांदा बघतोय," म्हणाला.

पाद्री त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग ताट पुढे ओढलं. "मग अडचण काय आहे? भात गार होतोय."

मी तिथून निघून आलो. लग्नाचा मार्ग मोकळा झालाय आणि मला मात्र थुंकावंसं वाटतंय. शिपायाने तेल लावलेला पोरगा मी. लहानपणी रस्त्यावरच्या पोरांना बजावून सांगायचो, माझा धर्मबाप मेजर आहे. मेजर आला पण नव्हता. लबाड म्हातारा. त्याच्या तोंडावर बोलायला हवं होतं.

१६ ऑगस्ट

सकाळी रोदान्थी खोलीवर आली. फोतिनीबाई जिन्यात कपडे वाळत घालत बसली, म्हणजे आम्ही एकटे नाही असं गावाला दिसावं.

मी म्हणालो, "तुझ्या बाबांचा सिंदेक्नोस खोटारडा निघाला. तोही आणि त्याचे जोडेही."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला आधी राग आला आणि मग भीती वाटली.

"तुला खरंच वाटलं?" ती म्हणाली. "तू सगळ्यांवर संशय घेतलास. माझ्यावर, बाबांवर, कुठल्या त्या बोटीवरच्या माणसावर, ज्याला तीन पोरं आहेत. आणि ज्या एका माणसाने काल तुझ्यासमोर धडधडीत खोटं सांगितलं, त्याच्यावर तेवढा विश्वास ठेवलास?"

मी खाटेवर बसलो.

मग तिने सांगितलं. मला बाप्तिस्मा देऊन मेजर त्याच वर्षी सुट्टीवर घरी आला होता. रोदान्थी नुकतीच जन्मली होती, निळी पडलेली. सुईण म्हणाली, उद्याचा दिवस दिसायचा नाही. तेव्हा ते वर डोंगरात राहायचे; पाद्री दूर, रस्ता बंद. मानूसोसचा मित्र म्हणून मेजर दारात उभा होता. बाप्तिस्म्याशिवाय लेकरू जाऊ नये म्हणून त्याने तिला दोन्ही हातांत घेऊन हवेत तीनदा उचललं आणि नाव ठेवलं. आमच्यात प्रसंग पडला तर असं कुणीही करू शकतं. त्याने मुलींना हात लावायचा नाही हा नियम मोडला, कारण ती जगणारच नव्हती. आणि ती जगली. मग चर्चमध्ये तेलही त्यालाच लावावं लागलं.

"ईस्टरला मी धर्मबापांना तुझं नाव सांगितलं तेव्हा ते बाकावर बसले ते उठेचनात," रोदान्थी म्हणाली. "मग म्हणाले, हे फक्त मला ठाऊक आहे, मी तोंड उघडणार नाही. मला विचारलं तर खोटं सांगणार नाही, पण मला कुणी विचारणार नाही असं करा. एवढीच त्यांची अट होती. म्हणून ते तुझ्यापासून पळत होते. तुला समोर बघितलं तर मिठी मारल्याशिवाय राहवणार नाही म्हणाले."

"क्रूसावर हात ठेवला त्यांनी."

"हो."

"मग आता?"

"आता काही नाही. आपलं लग्न होईल. ते आता चर्चमध्ये गाणार नाहीत, प्रसादाच्या रांगेत उभे राहणार नाहीत. बाबांनी समजावलं, तर ते म्हणाले, खोटी शपथ घेतलेल्या तोंडात ती भाकर कशी घालू."

मला माफी मागायची होती, पण कुणाची ते कळेना. तिची मागितली. ती म्हणाली, "माझी नंतर मागशील, जन्म पडलाय."

२० ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये आज दुसराच कुणीतरी गात होता, बेसूर. मेजर मागे, मेणबत्त्यांच्या पेटीजवळ उभा राहिला आणि प्रसादाच्या वेळी बाहेर निघून गेला. लोकांनी बघितलं. पापा-स्त्रातिसनेही बघितलं.

नंतर सगळे पुरुष कॉफीघरात. मानूसोसनी साखरपुड्याची बातमी जाहीर केली, सगळ्यांनी माझ्या भाजलेल्या पाठीवर थापा मारल्या. मेजर भिंतीजवळ एकटा होता. मी रात्रीच ठरवलं होतं, सरळ जायचं, वाकायचं, त्याच्या हाताचं चुंबन घ्यायचं. मग काय व्हायचं ते होवो. गेलोही. टेबलाशी पोचलो आणि लक्षात आलं की मागची बोलणी थांबलीत. वळून बघितलं नाही, पण पापा-स्त्रातिसचा कप बशीवर टेकल्याचा आवाज आला नव्हता.

"बसू का?" मी म्हणालो.

"खुर्ची काही माझी नाही."

बसलो. त्याचा हात टेबलावर होता, माझ्या हातापासून वीतभर.

"कुठला तू?"

"कोझानीचा."

"होतो मी तिकडे काही वर्षं. थंडी फार."

"अजून आहे."

"आईवडील आहेत?"

"आहेत. आई ठणठणीत आहे. बाजारात अजून प्रत्येकाशी भांडते."

"भांडणारच ती," तो म्हणाला. मग सावरून, मोठ्याने, "म्हणजे आया तशाच असतात."

मागे कप बशीवर टेकला. बोलणी परत सुरू झाली. मेजरने पोऱ्याला नव्हे, खुद्द मालकाला हात केला. दोन कॉफी आल्या. मी खिशात हात घातला तर त्याने मान हलवली.

"परक्या माणसाने इथे पैसे काढायचे नसतात. पहिली कॉफी गावाची. रीत आहे."

सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग कप उचलून माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच इतक्या जवळून, आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागला.

कॉफी फार गोड होती. मी बिनसाखरेची घेतो. त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.